आक्काचा कोरडा जोड

आक्का,

आज पहिल्यांदा तू न सांगता मी लिहायला बसले आहे. इतकी वर्षं तू माझ्या उंबऱ्यावर बसून सांगायचीस आणि मी लिहायचे. तुला अक्षर येत नव्हतं आणि मला चार माणसांत बोलणं येत नव्हतं, म्हणून आपलं जमलं, असं तूच सगळ्यांना हसून सांगायचीस. सुरतेत कोसाडच्या आपल्या घरांच्या ओळीत चौथीपर्यंत शिकलेली बाई मी एकटीच. चैत्र जवळ आला की तू यायचीस आणि म्हणायचीस, "इंदू, वही काढ. लिख." गडावर देवीला पायी जाणाऱ्या बायकांनी कोणते कपडे घ्यायचे, त्याची ती यादी असायची. मी ती लिहायचे आणि मग घरोघरी जाऊन तू ती तोंडपाठ म्हणायचीस. कागदाची तुला गरज नव्हती. तरी लिहून घ्यायचीस. ते माझ्यासाठी होतं, हे मला आत्ता कळतं आहे.

तू जाऊन पंधरा दिवस झाले. तुझ्या मंदाच्या उरलेल्या वहीत हे लिहिते आहे. हे कोणाला वाचून दाखवायचं नाही.

तुझ्या यादीचे चार भाग असायचे. उन्हाचं, घाटाचं, पाण्याचं आणि झोपायचं. मी पहिल्या वर्षी हसले होते. म्हटलं, आक्का, चैत्रात कसला पाऊस आणि कसली थंडी? सुरतेत अंगाला सुती पदर नको होतो. तू म्हणालीस, "आठे चैत्र शे. घाटमा काय शे ते घाटले इचार." इथे चैत्र आहे, घाटात काय आहे ते घाटाला विचार. मी ते तसंच यादीत लिहिलं होतं, तू म्हणालीस म्हणून.

एकदा तू मला शिकवायला खात्यातून, तुझ्या लूमच्या कारखान्यातून, कापडाचे तुकडे आणले होतेस. बॉबिन भरून संध्याकाळी घरी आलीस, कमरेला चिंध्यांची पुरचुंडी. एक सुती, एक आपल्या मशीनवरचा पॉलिस्टर, आणि एक कोणाच्या तरी जुन्या स्वेटरचा. तिन्ही तुकडे बादलीत बुडवलेस, पिळलेस आणि माझ्या दोरीवर टाकलेस. मला म्हणालीस, चहा ठेव. चहा झाल्यावर म्हणालीस, आता हात लाव. पॉलिस्टर कोरडा झाला होता. सुती अजून थंडगार ओला. लोकरीचा ओला होता, पण हाताला गार लागत नव्हता. तू विचारलंस, "आता सांग, उन्हात काय घालशील?" मी म्हटलं, सुती, गार राहतो म्हणून. "आणि पाऊस लागला तर?" मी परत सुतीलाच हात लावला. "तोच सुती मग जीव घेतो," तू म्हणालीस. "गार राहतो म्हणून."

हे मी ऐकलं होतं, आक्का. मी हे लिहिलंसुद्धा होतं.

तुझी सगळी वाक्यं मला पाठ आहेत. नवीन कापड चालायला घालायचं नाही, खळ काखेत घासते. ब्लाउज उलटा घालायचा, शिवण बाहेर, म्हणजे सहाव्या दिवशी कातडी सोलत नाही. एक जाड काही घेण्यापेक्षा दोन पातळ घ्या. घाम यायच्या आधी एक काढा, थंडी वाजायच्या आधी एक घाला. थंडी वाजल्यावर घातलं तर ते नुसतं ओझं. आणि सगळ्यांत शेवटी झोपायचा जोड. एक जुनी सुती साडी, एक ब्लाउज, एक स्वेटर. तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून पिशवीच्या तळाला. रस्त्यात काहीही झालं तरी तो अंगावर घालून चालायचं नाही. सकाळी चालायचे कपडे ओले असले तरी तेच ओले घालून निघायचं, कारण चालताना ऊब येते, झोपेत येत नाही. कोरडं एक तरी राहिलं पाहिजे.

पाच वर्षं मी ही यादी लिहिली आणि एकदाही चालले नाही. लाजायचे. रस्त्यात सगळ्यांच्या देखत जेवायचं, शाळेच्या ओट्यावर पुरुष असतात तिथे झोपायचं, आडोशाला जायचं, या सगळ्याची लाज. तू दर वर्षी विचारायचीस आणि मी दर वर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी.

मग प्लेगचं साल आलं. ते सगळं तुला आठवत असेल. ओळीतली घरं दोन दिवसांत रिकामी झाली, जो तो मिळेल त्या गाडीने नंदुरबार, धुळे, अमळनेर. आमच्या घरी यांना ताप चढला होता. ताप म्हटलं की माणसं दार लावून घ्यायची. तू तोंडाला ओला फडका बांधून माझ्या घरी येऊन बसलीस. मंदाला नातेवाइकांबरोबर गावी पाठवलंस आणि स्वतः राहिलीस. यांना दवाखान्यात नेलं तेव्हा मी रिक्षातच गडाकडे तोंड करून हात जोडले. म्हटलं, आई, ह्यांना घरी आण, मी पायी येऊन तुला साडी नेसवीन. तो ताप मलेरियाचा निघाला. चार दिवसांनी हे घरी आले. तू म्हणालीस, "आता कशी चालत नहीस तेच देखस."

तरी मी नवस फेडायला वेळ लावला. यंदा तू ऐकलं नाहीस.

निघायच्या आधी आपलं शर्टावरून भांडण झालं. तू भाऊंचा, तुझ्या मालकांचा, जुना खाकी शर्ट साडीवर घालून चालायचीस, बाह्या मनगटापर्यंत. भाऊ जाऊन दहा वर्षं झाली, पण शर्ट चालतच होता. मला म्हणालीस, तूही यांचा एक घे, हात भाजतील. मी म्हटलं, मला लाज वाटते, लोक हसतील. तू म्हणालीस, "लोके हासतीन त हासू दे. ऊन काही हासत नही, ते भाजस." मी हट्टाने शर्ट नेला नाही. कडोदऱ्याच्या अलीकडेच हात लाल झाले. बारडोलीच्या रस्त्याला ऊसगाड्या भरून चालल्या होत्या आणि मी पदर ओढून ओढून हात झाकत होते. तू तुझ्या पिशवीतून दुसरा शर्ट काढलास. मला न विचारता आणला होतास. नुसता पुढे धरलास. मी घातला. एक गाडीवाला खरंच हसला. तू त्याला म्हणालीस, "तुले पाहिजे का? तिसरा नही मनजोडे." तिसरा माझ्याजवळ नाही, म्हणून. सगळ्या बायका हसल्या आणि मीही. भर रस्त्यात मी आवाज काढून हसले, ते बहुधा पहिल्यांदाच.

पण भांडण मिटलं नव्हतं. तू म्हणायचीस, लाज ही सगळ्यांत जड पिशवी, ती आधी घरी ठेव. मी म्हणायचे, तुला काय, तुला कोणी बघत नाही. हे मी वाईट बोलले होते. तू विधवा म्हणून तुला कोणी बघत नाही, असा त्याचा अर्थ होत होता. तू ऐकून न ऐकल्यासारखं केलंस. मला माफी मागायची होती. उनाईच्या मुक्कामी मागू, वघईच्या मुक्कामी मागू, असं करत राहिले.

उनाईनंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते, आक्का. साग उघडा पडला होता, रस्त्याला सावली नाही, पण पहाटे निघालं की अंगावर दोन पातळ कपडे आणि वर शर्ट. ऊन चढेल तसं एकेक उतरवायचं. तू पुढे चालायचीस आणि चढ दिसायच्या आधीच ओरडायचीस, "काढा!" आपल्या ओळीतली भिकाबाई कुरकुरायची. म्हणायची, एवढं गार असताना काढायचं कशाला? तू म्हणायचीस, घामानं भिजून गार होण्यापेक्षा नुसतं गार बरं. डोक्याला ओला पंचा, पायात मोज्यांवर कापडी बूट. मला वाटायचं, मी कोणीतरी दुसरीच बाई आहे. घरी तर मी दिवसभर खाली बसून साड्यांचे लोंबणारे धागे कापते. हजारो साड्या हातांखालून गेल्या. आणि आता माझ्या पाठीवर एकच साडी होती, हिरवी, लाल काठाची, देवीची.

आता जे लिहायचं आहे ते इथून पुढे आहे.

वघईच्या मुक्कामी आभाळ भरलं. तू सगळ्यांच्या पिशव्या तपासायला निघालीस. प्लास्टिक सगळ्यांना तूच दिलं होतंस, कापडाच्या ताक्यावरचं जाड प्लास्टिक, खात्यातून मागून आणलेलं. प्रत्येकीला एकच तुकडा, झोपायच्या जोडासाठी. देवीच्या साडीला दुकानाची पातळ पिशवी होती. मला वाटलं, त्या पातळ पिशवीने काय होणार? साडी भिजली, रंग उतरला, तर देवीला काय नेसवू? तू माझ्यापर्यंत यायच्या आधी मी माझ्या कोरड्या जोडाचं प्लास्टिक काढलं आणि साडीला गुंडाळलं. तू विचारलंस, "इंदू, तुन्हं?" मी मान हलवली. बांधलं म्हणून. तू माझ्यावर विश्वास ठेवलास. यादी लिहिणारी मीच ना.

शामगहानच्या पुढे घाट लागला आणि दुपारी चारच्या सुमाराला वारं सुटलं. पुढचं तुला सांगायला नको. पाऊस, मग गारा. आडोसा नव्हता. आपण पंधरा-सोळा माणसं, एकमेकांना धरून चढत होतो. गारा थांबल्या तेव्हा एका बंद शाळेचा ओटा सापडला. वारं तसंच होतं. सगळ्यांचे दात वाजत होते. तू लगेच सुरू झालीस. "वल्लं काढा, कोरडं घाला, वल्लं काढा." पुरुष एका टोकाला तोंड फिरवून बसले, बायका दुसऱ्या टोकाला, मधे चादरी धरल्या.

मी पिशवी उघडली तर माझ्या कोरड्या जोडातून पाणी गळत होतं. स्वेटर, साडी, ब्लाउज, सगळं. तू बघितलंस. मग तळाशी साडी बघितलीस, दोन-दोन प्लास्टिकमध्ये, कोरडी ठाक. तू रागावशील असं वाटलं. तू रागावली नाहीस. साडी उचललीस, माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "नेस."

मी म्हटलं, "आक्का, देवीची आहे."

"मग? देवी काय उघडी बसेल शे का? तिले साड्यास्ना डोंगर शे. तुले एक नही."

भिकाबाईने ते ऐकलं. ती तिकडून म्हणाली, "अगं, काय बोलतेस! जीभ आवर."

तू म्हणालीस, "तीबी बाईच शे. थंडी काय असते तिले समजस. धू आणि दे. रागावाची नही."

मी मान हलवत राहिले. तुला वाटलं असेल, मी भिकाबाईला घाबरले, किंवा लाजले. तसं नव्हतं. ती साडी यांच्या जिवाची होती. ती मी अंगाला लावली आणि घरी यांना काही झालं तर? मला ओट्यावर उभ्याउभ्या यांचा तापलेला चेहरा दिसत होता. हे मी तुला सांगितलं असतं तर तू काहीतरी उत्तर दिलं असतंस. तुझ्याकडे उत्तर असायचंच. पण मी नुसती मान हलवली.

तू माझ्या हातातून साडी घेऊन परत पिशवीत ठेवलीस. मग तुझ्या पिशवीच्या तळातून तुझा जोड काढलास आणि माझ्या अंगावर टाकलास. स्वेटरसकट. मी म्हटलं, आणि तू? म्हणालीस, "मन्ही साडी खात्यानी शे. आंगवरच वाळस." पॉलिस्टरची, अंगावरच सुकते. जणू त्या बादलीतला तुकडा होतीस.

मग तू चादर धरलीस. दोन्ही हात वर करून, वाऱ्याकडे पाठ करून. आणि मी, आक्का, मी तिथेही लाजले. तुला म्हटलं, तोंड फिरव. तू म्हणालीस, "व माय, मी काय तुन्हा नवरा शे?" तरी फिरवलंस. ओल्या नाडीची गाठ सुटेना. बोटं चालत नव्हती. मी तुला हात लावू दिला नाही. किती वेळ गेला मला माहीत नाही. एकदा तू म्हणालीस, "जरा जलद कर ना, मन्हा हात भरी उनात." हात भरून आले होते तुझे. तरी चादर खाली आली नाही. तुझ्या पाठीवर ते वारं येत होतं आणि मी आत गाठीशी झगडत होते.

अंधारात मी तुझ्या कपड्यांत झोपले. तू ओली बसून राहिलीस. कोणी विचारलं तर म्हणालीस, मला सवय आहे.

सकाळी, बाकीच्या उठायच्या आधी, तूच मला उठवलंस आणि म्हणालीस, काढ आता, चालायचे घाल. तुझाच नियम. मी तुझा जोड काढून माझ्या पिशवीत ठेवला आणि ओले कपडे घातले. म्हणून कोणाला कळलंच नाही की रात्री मी तुझ्या कपड्यांत होते. चादरीच्या आत जे झालं ते चादरीच्या आतच राहिलं. सगळ्यांना आठवलं ते एकच, तू देवीच्या साडीबद्दल जे बोललीस ते.

हातगडला ऊन पडलं. सगळं वाळलं. तुझा खोकला मात्र तेव्हाच सुरू झाला होता. गडाच्या पायऱ्या तू दर दहा पायऱ्यांनी थांबून चढलीस. मी साडी दिली. ती साड्यांच्या ढिगावर जाऊन पडली आणि तिच्यावर लगेच दुसरी पडली. मला वाटलं होतं, मला खूप बरं वाटेल. मी मागे वळून बघितलं तर तू खांबाला टेकून बसली होतीस आणि मला बघून हात हलवत होतीस.

सुरतला आल्यावर नऊ दिवस. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया, आणि छाती आधीचीच खराब, खात्यातल्या धाग्याच्या धुळीने. मंदा दिवसभर तुझ्याजवळ. मी दुपारी डबा घेऊन यायचे. रोज येताना ठरवायचे, आज सांगायचं. आक्का, मी प्लास्टिक काढलं होतं. आक्का, मी यांच्या जिवाला घाबरले होते. आक्का, रस्त्यात तुला वाईट बोलले. तुझ्याजवळ आल्यावर म्हणायचे, पाणी देऊ?

शेवटच्या आदल्या दिवशी तूच बोललीस. आवाज येत नव्हता, मी कान जवळ नेला. "तुन्हा नवस फिटना ना?" मी म्हटलं, फिटला. तू म्हणालीस, "मग झालं."

झालं नाही, आक्का. तुझ्यासाठी मी नवस बोलले नाही. नऊ दिवसांत एकदाही नाही. जिची साडी कोरडी राहावी म्हणून तुला ओलं ठेवलं, तिच्यापुढे कोणत्या तोंडाने जायचं, कळत नव्हतं. आणि आणखी एक साडी बोलायची माझी हिंमत नव्हती.

तुला नेलं त्याच दिवशी भिकाबाई बोलली. म्हणाली, बाई चांगली होती, पण देवीच्या साडीवर जीभ चालवली. देवीने लगेच दाखवलं. तिने वाईटपणाने म्हटलं नसेल. ती घाबरली होती. पण ते ओळीत फिरलं. दहाव्याला तापीवर बायका तेच बोलत होत्या. मंदा ऐकत होती. मी तिच्या शेजारी उभी होते. मंदा मला म्हणाली, "मासी, आईला काय गरज होती असं बोलायची? जिभेला हाड नव्हतं तिच्या." लहानपणापासून सुरतेत वाढलेली पोर, रडतानाही निम्मी गुजराती. मी तिची पाठ चोळली. तोंड उघडलं नाही.

घरी येऊन यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, निदान हे म्हणतील की तू माझ्यासाठी केलंस. हे जेवता जेवता थांबले. म्हणाले, "मग नेसायची ना." एवढंच. हात धुऊन बाहेर गेले. माझ्या डोक्यात तेच फिरतं आहे. इतकं सोपं होतं ते. ज्यांच्या जिवासाठी मी ती साडी जपली, त्यांचंच ते उत्तर होतं, आणि ते तुझंच होतं.

परवा तेरावा झाला. जेवणं उरकून बायका तुझ्या दारात बसल्या होत्या. भिकाबाई मंदाला म्हणाली, "पोरी, आता तू एक कर. गडावर जा. आईच्या नावाने नाक घास. म्हण, तिचं चुकलं, माफ कर. नाहीतर हे घराला लागतं." मंदाने डोळे पुसले आणि म्हणाली, "जाईन. आईच्या वतीने माफी मागेन."

आईच्या वतीने. मी म्हटलं, "नाही."

कोणी ऐकलं नाही. मी परत म्हटलं. भिकाबाई म्हणाली, "काय म्हणते ही?" सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. तुला माहीत आहे मला काय होतं ते. मंदा म्हणाली, "मासी, जोरात बोल."

मी बोलले, आक्का. नीट नाही बोलले. आधी प्लास्टिकचं, मग मागे जाऊन यांच्या तापाचं, मग गाठीचं. मधे मधे थांबत होते. पण सगळं बोलले. आक्काने तिचा कोरडा जोड मला दिला. ती रात्रभर माझ्यामुळे ओली राहिली. देवीच्या साडीचं ती बोलली ते मला वाचवायला बोलली. तिचं काही चुकलं नाही. चुकलं ते माझं.

भिकाबाई म्हणाली, "मग हे तवाच का नाही सांगितलंस? आम्ही इतके दिवस बोलतो आहोत ते ऐकत होतीस?" ती वाईट बाई नाही. तिचंही तोंड उतरलं होतं.

मंदाने एकच विचारलं. "आईचे कपडे कुठे आहेत?"

मी म्हटलं, "माझ्या घरी. धुऊन ठेवलेत."

"आणून दे."

मी गेले, आणले. ती दारातच उभी होती. स्वेटर हातात घेतला, नाकाला लावला. साबणाचाच वास येत असणार, मी दोनदा धुतला होता. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "धुतलेस कशाला?" मग वळून भिकाबाईला सगळ्यांच्या देखत म्हणाली, "मी गडावर माफी मागायला जाणार नाही. माझ्या आईचं नाव यात परत घ्यायचं नाही." आणि आत जाऊन दार लावलं.

त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोललेली नाही. आज सकाळी नळावर आली, माझ्या पुढे दोन बाया सोडून उभी राहिली, हंडा भरला आणि गेली. मी "मंदा" म्हटलं. थांबली नाही. एरवी माझा हंडा तीच उचलून कमरेवर द्यायची.

मला रडू आलं, पण ते आधीसारखं नव्हतं. तू गेलीस तेव्हापासून ती पोर तुझ्यावर रागावून बसली होती. तुझ्या फोटोसमोर दिवा लावतानाही तिचे ओठ घट्ट असायचे. काल मी खिडकीतून बघितलं, ती फोटोसमोर बसून तुझ्याशी बोलत होती. काय ते ऐकू आलं नाही.

आता तिचा राग माझ्यावर आहे. असू दे, आक्का. तुझ्यावर नको.